मेडशीच्या साहेबाची शेवटची रीळ

मी पडदा बोलतोय. दारा-खिडकीवरचा नव्हे हो! ते बिचारे वारा आला की हलतात आणि तेवढ्यावरच खूश असतात. मी सिनेमाचा पडदा आहे. लखीरामच्या टुरिंग टॉकीजमध्ये मी माझं उभं आयुष्य उभ्यानंच काढलं. माझ्या अंगावर राजे लढले, नद्यांना पूर आले, किती तरी लग्नं लागली. माझ्या अंगावर मात्र पाण्याच्या डागाशिवाय काही उरलं नाही. पण मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही सिनेमा बघता, आणि मी बघतो तुम्हाला.

जन्मानं मी इथलाच. वऱ्हाडातली कपाशी गिरणीत गेली आणि मांजरपाटाचा तागा होऊन बाहेर पडली. त्या ताग्याचे सदरे झाले असते, बंड्या झाल्या असत्या. पण लखीरामनं तो अख्खा उचलला आणि मालेगावच्या एका शिंप्याच्या पुढ्यात टाकला. शिंप्यानं पट्टीला पट्टी जोडली, कडेनं काळी किनार लावली, पितळी कड्या ठोकल्या. काम झकास झालं, फक्त मधली एक शिवण नेमकी सगळ्या नट्यांच्या नाकावरून जाऊ लागली. लोकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पुढे पुढे तर नाकावर शिवण नसलेली नटी त्यांना ओळखूच आली नसती.

आता आमच्या तंबूची एक रीत सांगतो, कारण पुढची सगळी गंमत तिच्यामुळेच झाली. मला तंबूच्या मधोमध बांधत. सिनेमाच्या यंत्राच्या बाजूला, म्हणजे माझ्या तोंडासमोर, पुरुष बसत. पुढे जमिनीवर आणि मागे मोजक्या लोखंडी खुर्च्यांवर. बायका बसत माझ्या पाठीमागे, कनातीच्या आत, गोणपाटावर. खेळ सुरू व्हायच्या आधी आमचा ऑपरेटर रूपला मला बादलीनं पाणी मारायचा. मी चिंब झालो की चित्र आरपार दिसायचं. बायकांना तोच खेळ दिसे, फक्त उलटा. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं मंगळसूत्र बांधायचा, आणि पाटीवरची अक्षरं उलटी दिसायची. बायका कधी काही बोलल्या नाहीत. म्हणजे माझ्यासमोर बोलल्या नाहीत. माझ्यामागे पुष्कळ बोलायच्या.

तर तुरी घरात आल्यावर आमचा तंबू मेडशीला लागला. साल असेल त्रेपन्न-चोपन्न. त्या वेळी आमच्याकडे जो खेळ होता त्याला लोक ‘बंगल्याचा खेल’ म्हणत. त्यातला साहेब शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहतो. बंगला आहे, हिरवळ आहे, नोकरी आहे, गुलाबाला पाणी घालणारी शहाणी बायको आहे. म्हणजे सगळं आहे, आणि म्हणूनच बिचारा दुःखी आहे! पंचेचाळिशी उलटल्यावर एके दिवशी तो आरशात बघतो आणि त्याला वाटतं, अरेरे, माझं आयुष्य वायाच गेलं. मग तो केस काळे करतो, काळा चष्मा लावतो, हॉटेलात गाणं म्हणणाऱ्या एका पोरसवदा बाईच्या मागे लागतो, आणि शेवटी बायको रडत असताना सुटकेस उचलून शीळ घालत फाटकाबाहेर पडतो.

त्याच्यापुढे एक रीळ आणखी होती. ती नीट ध्यानात ठेवा. आधीच्या अनसिंगच्या मुक्कामाला मी ती रोज पाहिली होती. पण तिथून सामान हलवताना तिचा गोल पत्र्याचा डबा मागेच राहिला. तंबूशेजारच्या हॉटेलवाल्यानं तो आपल्या दह्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून ठेवला होता. इतका बेतशीर बसला होता की त्याला तो आपलाच वाटला. मेडशीला पोचल्यावर लखीरामनं डबे तपासले आणि कपाळाला हात लावला. पण खेळ रद्द करील तो लखीराम कसला! साहेब फाटकाबाहेर पडला की तो पेट्रोमॅक्स मोठा करून ओरडायचा, “खेल खलास! सांभाळून जा मंडळी!” लोकांनाही वाटलं, संपला असेल बुवा. शहरातले सिनेमे असेच संपत असतील.

एका माणसाला मात्र तो शेवट फारच आवडला. त्याचं नाव उकंडराव.

उकंडराव म्हणजे चांगला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. काळी जमीन, दोन बैलजोड्या, गावात मान. नुकतंच त्यानं गावातलं घर सोडून सडकेकाठी टिनाचं नवं घर बांधलं होतं. तिथे तशी तीनच घरं होती, पण तो भाग ऐटीत ‘नवी वस्ती’ म्हणवून घ्यायचा. एकुलती एक लेक रुख्मिणी मागच्याच उन्हाळ्यात सासरी गेली होती. घरात राहिले दोघं, तो आणि त्याची बायको तुळसाबाई. आमचा तंबू त्या घराच्या अगदी समोर, सडकेला लागून. दिवसा हवा खेळावी म्हणून कनात वर बांधलेली असे, त्यामुळे मला त्यांचं अंगण दिसायचं आणि बोलणं ऐकू यायचं. चोरून ऐकलं म्हणू नका, मला कानावर हात ठेवता येत नाहीत.

पहिल्या दिवशी उकंडराव खुर्चीवर बसला तो इतरांसारखा हसत. साहेब आरशात बघतो त्या जागी त्याचं हसू थांबलं. मी रोज शेकडो तोंडं बघतो, मला कळतं. त्या माणसाला वाटलं की हे आपलंच चाललंय. आपलंही घर गावाबाहेर, आपल्याही घरात सगळं आहे, आणि आपणही नुसते दिवस ढकलतोय. खरं तर तोवर तो मजेत होता. दुःख आहे हे त्याला सिनेमानंच सांगितलं.

मग जे सुरू झालं, त्यानं माझी रोजची करमणूक झाली. उकंडरावनं मिशीला दिव्याची काजळी एरंडेलात कालवून लावली. तंबूच्या उकाड्यात ती ओघळली आणि सदऱ्यावर उतरली. वाशीमहून काळा चष्मा आणला. तो घालून संध्याकाळी गोठ्यात शिरला आणि म्हशीच्या अंगावर पडला. अंगणातल्या तुळशीशेजारी गुलाबाचं रोप लावलं, ते शेळीनं खाल्लं. एकदा तर बैलांना त्यानं साहेबासारखं हिंदीत सांगितलं, “चलिये, देर हो रही है!” बैलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते जागचे हलले नाहीत.

तुळसाबाई हे सगळं मुकाट बघत होती. ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकू, हाताला कामाची सवय. रोज संध्याकाळी शेजारच्या प्रयागबाईला घेऊन ती माझ्या पाठीमागे येऊन बसायची. नवरा पुढून बघायचा, ती मागून. मध्ये मी.

“तुळसे, तुया घरचा सायेब काय करून राह्यला वं?” प्रयागबाई विचारायची. जीभ अशी की अडकित्ता बरा.

“शीळ घालाची शिकून राह्यले,” तुळसाबाई म्हणायची. “अजून हवाच निघते.”

सगळ्या बायका हसायच्या आणि तीही हसायची. पण पेट्रोमॅक्स लहान झाला आणि साहेबाची सुटकेस निघाली की तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं. तिच्या बाजूचा अंधार मला चांगला ओळखीचा आहे. तिला कळत होतं की नवरा कुठल्या प्रसंगाची तालीम करतोय. आणि मी, ज्याला शेवटची रीळ तोंडपाठ होती, तो गप्प उभा. पडद्याला तोंड नसतं याचं मला आयुष्यात एवढं दुःख कधी झालं नव्हतं.

शेवटी एक दिवस दुपारी उकंडराव अंगणात येऊन बाजेवर बसला आणि घसा साफ करून म्हणाला, “आयकून राह्यली काय, रुखीची माय?”

तो तिला असंच हाक मारायचा, नाही तर नुसतं ‘अवं’. लग्न झाल्यापासून त्यानं तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं. गावात कोण घेतो?

“बोला.”

“मी चाललो. आज सांजच्या मोटारीनं. अकोल्याले जातो, तिथून ममईले.”

“कायले?”

उकंडराव गोंधळला. साहेबाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. “कायले म्हंजे... जिंदगी वाया जाऊन राह्यली माई इथं.”

“वावरातली कपाशी?”

“गडी पायतीन.”

तुळसाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग उठून आत गेली. उकंडराव मान वाकडी करून ऐकत राहिला, रडणं कधी सुरू होतं ते. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती हातात फडक्याचं गाठोडं घेऊन.

“भाकर हाये अन् ठेचा हाये. मोटारीत भूक लागन.”

“तू रडून नाही राह्यली?” त्यानं न राहवून विचारलं.

“हे भांडे काय सिनेमातली बाई घासन?” एवढं बोलून ती विहिरीकडे गेली. तिथे जाऊन तिनं पदर डोळ्यांना लावला. तो त्याला दिसला नाही, मला दिसला. त्या क्षणी मला वाटलं, कड्या तोडून सडकेवर आडवं पडावं आणि मोटारीची वाट अडवावी.

उन्हं कलली. उकंडराव पेटी घेऊन सडकेला उभा राहिला, मिशी काळी, चष्मा काळा, एका हातात साहेबाची ऐट आणि दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं. तुळसाबाई दारात उभी होती. वाशीमकडून सर्व्हिस मोटार धूळ उडवत आली आणि आमच्या तंबूपुढेच थांबली. उकंडरावनं शीळ घालायचा प्रयत्न केला. या वेळी ती चक्क वाजली. त्यानं पेटी वर दिली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि समोरून कोण उतरावं? आमचा रूपला! बगलेत पत्र्याचा गोल डबा. लखीरामनं त्याला दोन दिवसांपूर्वी अनसिंगला धाडून यंत्र स्वतःच चालवलं होतं, तो आता परत आला होता.

“उकंडराव, कुठी चालले?” रूपला आनंदानं ओरडला. “आज तं मजा हाये! शेवटची रीळ भेटली! दह्याच्या गंजावर होती!”

“कायची शेवटची?” उकंडराव म्हणाला. “खेल तं खलास झाल्ता ना?”

“खलास कायचा! अजून सायेब वापस येते ना घरी!”

उकंडराव तसाच उभा. एक पाय पायरीवर, एक पाय मेडशीत. चष्मा नाकावरून घसरलेला. “वापस येते?” तो पुटपुटला. “काहून?”

“थे पाहाले तिकीट लागते,” रूपला म्हणाला आणि तंबूत शिरला.

कंडक्टर खेकसला, “चढता का उतरता, राजेहो?” उकंडरावनं पेटी खाली ओढली. मोटार गेली. मी इतका हललो की रूपलाला वाटलं, वारा सुटला. त्यानं येऊन माझ्या दोऱ्या आवळल्या.

उकंडराव काही घरी गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार? तो सडकेकाठच्या वडाच्या झाडामागे जाऊन बसला आणि दिवे लागायची वाट पाहू लागला. त्यामुळे त्याच्या घरात काय घडलं ते त्याला कळलं नाही. दारातून सगळं पाहिलेल्या तुळसाबाईनं नवं लुगडं नेसलं, प्रयागबाईला हाक मारली आणि तंबूकडे निघाली. पण पाठीमागच्या दारानं नाही. ती सरळ पुढच्या दारानं आत आली. पुरुषांतून वाट काढत गेली आणि थेट उकंडरावच्या खुर्चीवर जाऊन बसली. 

लखीराम धावत आला. “बाई, जनाना मांगं हाये.”

“मांगून पाह्यलं,” तुळसाबाई म्हणाली. “रुखीचा बाप रोज इथं बसून काय पायते, थे मले समोरून पाह्यचं हाये. तिकीट काढलं हाये म्या.”

लखीरामनं तिच्याकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं, आणि हात जोडून बाजूला झाला. प्रयागबाई मात्र मागेच जाऊन बसली. म्हणाली, इथली खबर पुढं पोचवाले कोनी तरी पाह्यजे.

खेळ सुरू झाला. उकंडराव आला तो उशिरा, अंधारात चाचपडत. त्याला आधी बायकोला शोधायचं होतं. घराला तर कुलूप होतं. ती रोज मागे बसते हे माहीत होतं, म्हणून तो गडी पेटी घेऊन कनात वर करून घुसला तो थेट जनान्यात! एकच गलका उडाला.

“माय वं! बाप्या घुसला!”

“मी हावो, उकंडराव,” तो कुजबुजला. “रुखीची माय कुठी हाये?”

“बसा खाली,” प्रयागबाईनं त्याचा सदरा धरून त्याला गोणपाटावर बसवलं. “मांगच्या बाईले दिसू नाही राह्यलं.”

बसला बिचारा बायकांत, मांडीवर पेटी घेऊन. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला पाठीकडून पाहिलं. साहेब डाव्या हातानं केस विंचरत होता. पाटीवरची अक्षरं उलटी होती. उकंडराव चौथी शिकलेला, वाचायला गेला तर त्याला काही लागेना.

“हे तं उलटंच हाये,” तो म्हणाला.

“आमाले असंच दिसते,” प्रयागबाई म्हणाली. “पह्यल्यापासून.”

सुटकेसची रीळ संपली. आमच्याकडे यंत्र एकच. दर रिळेला थांबून नवी चढवावी लागे आणि तेवढा वेळ पुढे पेट्रोमॅक्स मोठा करत. पुढे उजेड, मागे अंधार, आणि मी ओला. अशा वेळी माझ्यातून आरपार दिसतं. उकंडरावनं मान वर केली आणि त्याला दिसली त्याची खुर्ची. खुर्चीत नवं लुगडं नेसून, पाय जमिनीवर घट्ट टेकवून बसलेली त्याची बायको. ती रोज तिन्ही त्रिकाळ त्याच्यासमोर असायची, पण मी शपथेवर सांगतो, इतकं टक लावून त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावरच्या बाईला बघत होता तसं बघत होता. आणि तिच्या नाकावरूनही माझी शिवण गेली होती!

“तुळसा!” तो ओरडला.

भर तंबूत. सगळ्या गावासमोर. नाव घेऊन.

बायकांनी तोंडावर पदर घेतले. पुरुष खुर्च्यांवरून उठले. तुळसाबाई मात्र हलली नाही. तिचे कान तांबडे झाले, डोळे भरले. मी दोन्ही बाजूंचा साक्षीदार, मला दिसलं. मग तिनं माझ्याकडे बघत, म्हणजे माझ्यातून त्याच्याकडे बघत, सावकाश सांगितलं, “बसा तिथंच. उरला खेल तिकडून पाहा.”

तंबू असा हसला की माझ्या कड्या वाजल्या. लखीराम पोट धरून खाली बसला. रूपलाला रीळ चढवायला दुप्पट वेळ लागला. आणि उकंडराव बायकांच्या गोणपाटावर बसून राहिला, हसत आणि काजळी पुसत.

मग लागली ती राहिलेली रीळ, दह्याचा एक ठिपका घेऊन. गाणाऱ्या बाईनं साहेबाला “चाचा” म्हटलं. साहेब पावसात भिजत परत बंगल्यावर आला, तर फाटकावर बायकोच्या नावाची पाटी. त्यानं दार वाजवलं. बायकोनं उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “किससे मिलना है?” मग त्याला पाहुण्यासारखं ओसरीवर बसवलं, पाहुण्यांच्या कपात चहा दिला, आणि शेवटी गुलाबाला पाणी घालायची झारी त्याच्या हातात दिली. खेळ संपला, खराखुरा संपला. पण त्या दिवशी माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांच्या माना वळल्या होत्या दाराकडे.

दारात उकंडराव उभा होता, पेटी खाली ठेवून. तुळसाबाई सावकाश चालत आली. लोकांनी वाट दिली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी सिनेमातल्यासारखं, आणि गंभीर तोंडानं विचारलं, “कोनाले भेटाचं हाये?”

उकंडरावनं चष्मा काढून खिशात घातला.

“तुळसाबाईले,” तो म्हणाला.

“थे घरी असते. चाला.” मग दोन पावलं पुढे जाऊन ती वळली. “अन् भाकर खाल्ली काय?”

“नाही.”

“मंग काहून उभे हा? थंडी झाली असन.”

दुसऱ्या दिवशी बायकांनी एक मोठंच काम केलं. प्रयागबाई सगळ्यांना घेऊन पुढच्या दारानं आली आणि म्हणाली, आम्ही मागे बसणार नाही. उलटा खेळ पुष्कळ पाहिला. लखीराम व्यवहारी माणूस. त्यानं तंबूच्या मधोमध दोरी बांधली, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, सगळे माझ्यासमोर. त्या दिवसापासून मला पाणी मारणं बंद झालं. माझी सर्दी गेली, पण पाठीमागची कुजबुजही गेली, आणि तिची मला अजून आठवण येते.

पुढे वर्षं गेली. मी विरलो, पिवळा पडलो. लखीरामनं जाड नवा पडदा घेतला आणि मला टाकायला काढलं, तेव्हा उकंडराव बैलगाडी घेऊन आला आणि मला मेडशीला घेऊन गेला. आता अठ्ठावन्न साल चालू आहे. माझ्या एका पट्टीची रुख्मिणीच्या लेकराला झोळी झाली. ते पोर मोठ्यानं रडतं आणि मोठ्यानंच हसतं. उरलेला मी त्यांच्या अंगणात पसरतो. माझ्यावर तुरीची डाळ वाळते, उन्हाळ्यात शेवयांसारखे सरगुंडे वाळतात. उकंडरावची मिशी पांढरीशुभ्र झाली आहे आणि त्याला ती शोभते. शीळ तो अजून घालतो, बैलांना पाणी पाजताना, आणि आता ती छान वाजते.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. घरात सगळं असून काही तरी राहिलंय असं वाटू लागलं, तर पेटी भरायच्या आधी एकदा पलीकडच्या बाजूला जाऊन बसा. तिथून आपलाच खेळ कसा दिसतो ते बघा.

बरं, आता ऊन उतरलं, मला गोळा करायची वेळ झाली. मी अजून एवढा मोठा आहे की एकट्या माणसाला माझी घडी घालता येत नाही. म्हणून रोज एक टोक ती धरते, एक टोक तो. झटकतात, ताणतात, आणि मग टोकाला टोक जुळवायला एकमेकांकडे चालत येतात. आला बघा, मिशीला डाळीचा भुसा लागलाय. “तुळसा, धर वं तिकून,” तो म्हणतोय, आणि ती धरतेय.